दारावरचा पट्टा

ड्रिलच्या टोकाला धागा निघाला. बोटभर लांब, मळकट लाल, पोलादाच्या पिळात गुंडाळला गेलेला. स्टुलावर उभ्या असलेल्या तात्यारावांनी बटण सोडलं, मशीन थांबलं. त्यांनी खाली पाहिलं. उंबऱ्यापाशी फरशीवर भुग्याची लहानशी रास पडली होती आणि ती लाल होती. जन्मभर गवंडीकाम केलेल्या माणसाला भुग्याचा रंग ओळखायला चष्मा लागत नाही. दाराच्या वर, चौकटीपासून चार बोटांवर, करडा भुगा पडायला पाहिजे होता. तिथं वरच्या विटांचा भार पेलणारं सिमेंटचं लिंटल असतं, आत सळई असते, खडी असते. तिथं भोक पाडताना मशीन ओरडतं आणि धरणाऱ्याचे दात आंबतात. इथं मशीन आधी मुकाट विटेत गेलं आणि मग एकदम पुढं काहीच नाही, दह्यात बोट बुडावं तसं. आणि बाहेर येताना हा धागा घेऊन आलं. तात्यारावांनी तो चिमटीत धरून ओढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. का टाकला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चोर सापडला की पहिल्यांदा खिशात हात घालतो, तसंच काहीतरी.

"पप्पा, झालं?" वृषाली आतून आली. तिच्या दोन्ही हातांत ती फळी होती. पुण्याहून येताना एवढं एकच सामान तिनं मांडीवर घेऊन बसमध्ये प्रवास केला होता. हातभर लांब, गुळगुळीत लाकडाची, आणि तिच्यात वेगवेगळ्या खोलीच्या खाचा. एखादी चार बोटं मावतील अशी, एखादी नुसती नखापुरती. त्या खाचांत बोटं अडकवून लोंबकळायचं, दहा मोजायचे, उतरायचं, परत लोंबकळायचं. कॉलेजातल्या कृत्रिम भिंतीवर ती दोन वर्षं चढत होती, आता ऑगस्टमध्ये राज्याची निवड चाचणी होती, आणि धाराशिवात चढायची भिंत नाही. तिच्या भाषेत हँगबोर्ड. आईनं, केशरबाईंनी, पहिल्याच दिवशी त्या फळीचं नाव लोंबायची फळी ठेवलं होतं. "माकडाची पोर हायस व्हय गं?" असं म्हणून झाल्यावर त्यांनीच जागाही सुचवली होती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका भिंतीला कपाट, एकीला खिडकी, समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो. उरली मुख्य दाराच्या वरची, आतली बाजू. शेजाऱ्यांच्या घरांत तिथं तोरणं नि तसबिरी असतात, यांची जागा मोकळी होती.

"लोखंड लागलं," तात्याराव म्हणाले. "सळई हाय आत. भोक पुढं जाईना."

वृषालीनं फरशीकडं पाहिलं. मग बापाकडं पाहिलं. "सळई लागली तर भुगा विटेचा कसा काय पडला?"

गवंड्याची पोर ती. तात्यारावांना एरवी बरं वाटलं असतं. "मशीन तापलंय," ते म्हणाले. "संध्याकाळी बघू. नसती घाई करू नको."

"संध्याकाळी नक्की ना? नऊ दिवस झाले पप्पा, बोटं मऊ पडायलीत माझी." तिनं फळी दिवाणावर ठेवली, हाताला खडूची पूड चोळली आणि तात्याराव स्टुलावरून पुरते उतरतात न उतरतात तोच उडी मारून दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला लटकली. प्लास्टरच्या बाहेर ती कड अर्धा इंच आलेली होती. त्या अर्ध्या इंचावर आठ बोटं, आणि खाली सगळी वृषाली, पाय दुमडून, दाराच्या मधोमध. गेले नऊ दिवस ती हे रोज करत होती आणि तात्याराव खुर्चीत चहा पीत कौतुकानं बघत होते. माझे हात घेतलेत पोरीनं, असं त्यांनी केशरबाईंना बोलूनही दाखवलं होतं. आज त्यांना चौकटीचा आवाज ऐकू आला. रोजच येत असणार. अगदी बारीक कुर्र, आणि नव्या भोकातून चिमूटभर लाल भुगा तिच्या केसांवर पडला.

"उतर." आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"सात... आठ..."

"उतर म्हंतो ना."

ती उतरली. असा आवाज त्या घरात कुणी काढत नसे. स्वयंपाकघरातून केशरबाई पिठाच्या हातानं डोकावल्या, दोघांकडं बघितलं, फरशीवरच्या भुग्याकडं बघितलं आणि आत गेल्या. त्याच वेळी वरच्या मजल्यावर वाऱ्यानं दार आपटलं. रोज आपटतं. तात्यारावांची मान वर गेली.

ते खुर्चीत बसले. खुर्ची अशी होती की दार समोर यायचं. दुसरीकडं तोंड करून बसावं तर पाठीला दार, ते आणखी वाईट. मे महिन्याचं ऊन जिन्यातून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. तीन फूट रुंद दार, त्याच्यावर बीमपर्यंत तीन फूट वीटकाम, नऊ इंची भिंत. म्हणजे किती विटा, ते मनातल्या मनात मोजू लागले, मोजायचं नव्हतं तरी. सव्वाशे तरी. एकेक वीट तीन किलोची. सगळी मिळून वृषालीच्या आठपट, आणि ती सगळी एका सागवानी फळकुटावर बसलेली, एकवीस वर्षं. एकवीस वर्षं बसली की मग, त्यांनी स्वतःला सांगितलं. पडायची असती तर पडली असती. विटा एकमेकींना धरून ठेवतात, कमान धरतात, हे शिकलेला इंजिनिअरही सांगेल. पण त्या कमानीला खालून ओढणारं कुणी नव्हतं तोवर. आता तिथं सहा भोकं पडणार, सहा बोल्ट बसणार, आणि त्या बोल्टांना धरून एक पंचेचाळीस किलोची मुलगी रोज शंभर वेळा झटका देणार, तीही बरोबर खाली उभी राहून, तोंड वर करून. त्यांना तिचं वर केलेलं तोंड दिसलं. ते उठून पाणी प्यायले.

तात्याराव मूळचे माकणीचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्या पहाटेबद्दल ते कधी बोलत नसत. जिल्ह्यात त्यांच्या वयाचं कुणीच फारसं बोलत नाही, नुसतं ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असं म्हणतात, लग्नं-बाळंतपणं त्यावरून मोजतात. त्यांची धाकटी बहीण नंदा दारात सापडली. घरात नाही, अंगणात नाही, बरोबर दारात. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पळत सुटलेली, सुटलीच होती जवळजवळ. दारावरच्या मातीतला धोंडा आला. तो त्यांनी स्वतः उचलला, दोन्ही हातांनी, आणि त्याचं वजन अजून कधीकधी त्यांच्या मनगटात येतं, बादली उचलताना, काही कारण नसताना. पुढं पुनर्वसनाच्या कामावर त्यांना थापी हातात धरायला शिकवणारा एक तरुण साहेब होता, चष्म्याचा, उन्हानं लाल झालेला. त्यानं पहिल्या दिवशी भिंतीवर दाराच्या उंचीला खडूनं आडवी रेघ मारली. इथून पट्टा, तो म्हणाला, सळई घालून, सिमेंटचा. बाकी काही चुकलं तर चालेल. हा दारावरचा पट्टा सोडायचा असेल तर घर बांधू नका, लोकांना झाडाखाली राहू द्या. बाकीची पोरं हसली. तात्याराव हसले नाहीत. त्यांना खडूची रेघ बघताना नंदाच दिसत होती. त्यानंतर त्यांनी जिथं जिथं काम केलं तिथं आधी दारावरचं लिंटल विचारलं, मग पगार. जोडीदार त्यांना पट्टेवाला म्हणून चिडवायचे. ते ऐकून घ्यायचे, आतून खूष व्हायचे. असा माणूस. आणि आता हा असा माणूस खिशात धागा घेऊन बसला होता.

धाग्याचं सगळं त्यांना पहिल्या क्षणीच आठवलं होतं. आठवायला वेळ लागला असं म्हणणं सोयीचं झालं असतं. अक्षय तृतीया होती. ईरण्णा ठेकेदार, उमरग्याकडचा, बोलायला गोड आणि सतत दुसऱ्या कामावर निघालेला. कॉलमची बिल्डिंग, स्लॅब टाकून झालेले, भिंती नुसत्या गुडघ्याएवढ्या. पण मालकांच्या वडिलांनी मुहूर्त काढला होता आणि त्या दिवशी चौकटी उभ्या राहायलाच पाहिजे होत्या. राहिल्या. म्हातारा स्वतः आला, स्वच्छ धोतर, हातात ताट. ताटात हळद-कुंकू, आणि लाल फडक्याची गाठोडी: सुपारी, हळकुंड, सात धान्यं. प्रत्येक चौकटीच्या माथ्यावर त्यानं एकेक ठेवलं. ही चौकट झाली तेव्हा तात्याराव तिला ओळंबा लावून धरून उभे होते. गाठोडं जरा कलंडलं म्हणून त्यांनी सावरायला हात पुढं केला. "राहू द्या," म्हातारा म्हणाला, ओरडला वगैरे नाही, अगदी सावकाश. "वास्तुशांत होईपर्यंत ह्याला कुणाचा हात लागता कामा नये." कुणाचा म्हणताना त्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग घमेलं घेऊन उभ्या असलेल्या केशरबाईंकडं पाहिलं. केशरबाईंना चौथा महिना होता. वृषालीचा. ईरण्णानं मान खाली घातली आणि चपलेनं वाळू उकरत राहिला. एवढंच झालं. अशा गोष्टी एवढ्याच होतात, दुसऱ्याला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही राहत नाही. तात्यारावांचा पुढं केलेला हात मात्र तसाच राहिला काही वेळ, परत कुठं न्यावा ते न कळून.

लिंटल टाकायचं तर गाठोडं हलवावं लागणार होतं. चौकटीच्या माथ्यावर, बरोबर जिथं सिमेंट ओतायचं तिथं ते बसलं होतं. ईरण्णा म्हणाला, "म्हाताऱ्याला इचारतो मी, हलवू का म्हनून. तवर थांब." आणि नळदुर्गला एका ढाब्याच्या कामावर निघून गेला. चार दिवसांनी निरोप आला, भिंती चढव, प्लास्टरवाले निघालेत. गाठोड्याचं काय, ते निरोपात नव्हतं. तात्याराव विचारू शकले असते. थापीच्या टोकानं सरकवू शकले असते, हात न लावता. ईरण्णाच्या नावानं बोंब मारून काम बंद ठेवू शकले असते. एरवी दुसऱ्याच्या कामावर त्यांनी तसं केलंही होतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी गाठोड्याच्या दोन्ही अंगांनी वीट लावली, वरून आडवी वीट ठेवली, त्याला नीट कोनाडा केला, आणि भिंत चढवली. हात लावू नको म्हणालात ना. बघा, नाही लावला. वीट लावताना आतून एक गारेगार समाधान वाटत होतं, त्या उन्हात, हे त्यांना आज खुर्चीत बसून जसंच्या तसं आठवलं आणि भीती वाटली ती त्याचीच जास्त. चूक हातून होते. ही हातून झालेली नव्हती. नंदाला उचलणाऱ्या त्याच हातांनी, सगळं समजून, दारावर धोंडे रचले होते, कुणाच्या तरी पोरीसाठी. कुणाच्या, ते तेव्हा माहीत नव्हतं.

आणि नंतर बारा वर्षांपूर्वी हाच फ्लॅट विकायला निघाला तेव्हा त्यांनी तो घेतला. आपल्या हातचं घर, केशरबाई म्हणाल्या होत्या. बिल्डिंगमधले लोक पाहुण्यांना सांगत, हे तात्याराव मिस्त्री, ह्यांनीच बांधली ही बिल्डिंग. कुणाची मोरी गळाली की यांना बोलावणं. तेव्हा आठवलं असतं तर घेतलं असतं का, हा प्रश्न ते सकाळपासून स्वतःला विचारत होते आणि उत्तर देत नव्हते. दर पावसाळ्यात हे दार अडकायचं. ते रंधा काढून वरची कड तासायचे, लाकूड फुगलंय म्हणायचे. "सागवान येवढं फुगतंय व्हय?" केशरबाई एकदा म्हणाल्या होत्या. "कोन तरी बसतंय वरनं त्याच्यावर." ते हसले होते. बारा पावसाळ्यांत मिळून बोटभर तरी दार तासलं असेल. दार कमी कमी होत गेलं, चौकट खाली खाली येत गेली, आणि ते रंधा मारत राहिले.

अकराच्या सुमाराला केशरबाई पिशवी घेऊन गिरणीवर निघाल्या. चपला घालायला त्या बरोबर दारात थांबल्या. त्यांचा गुडघा धरतो, त्यामुळं चौकटीला हात लावून उभं राहायचं, एक पाय घालायचा, मग दुसरा. तात्याराव खुर्चीच्या कडेवर आले. बोलावं तर काय बोलावं. सरक म्हणावं तर का म्हणून विचारील. दुसऱ्या पायाचा अंगठा चपलेत जात नव्हता. एक, दोन, तीन, त्यांनी मोजलं, वृषाली मोजते तसं. सातव्या आकड्याला त्या गेल्या. बाई एवढी वर्षं जगली माझ्याबरोबर, ते मनात म्हणाले, आणि मी तिला चपला घालताना मोजतोय.

मग त्यांना युक्ती सुचली. युक्ती इतकी साधी होती की ती सकाळीच का सुचली नाही याचं त्यांना नवल वाटलं. स्वयंपाकघरात सिंकच्या बाजूला कॉलम होता, त्याच्यावर बीम. अस्सल सिमेंट, तिथं हत्ती टांगला तरी हलणार नाही. "वृषाली," त्यांनी हाक मारली, "ती फळी आत बीमला लावू या. हितं दारात येनंजानं असतंय, तुला तरास व्हईल."

वृषाली मोबाइलवर कुणाचा तरी चढतानाचा व्हिडिओ बघत होती. उठून आली, बीमला बोटांनी टिचकी मारली, उंची हातानं मोजली. "चालंल की. मम्मी ओरडंल पण."

"मम्मीला मी सांगतो."

इतकं सोपं होतं. तात्यारावांनी वाटीत वॉलपुट्टी कालवली, स्टुलावर चढून ते भोक बुजवलं, वरून ओल्या बोटानं गुळगुळीत केलं. दोन मिनिटांत भिंत पहिल्यासारखी झाली. हात धुतले. जेवायला बसले. केशरबाईंनी आणलेल्या नव्या पिठाची भाकरी, शेंगाची चटणी. घास चांगला लागला. दोन घास. तिसऱ्या घासाला वर दार आपटलं आणि त्यांनी मान वर केली. पुट्टीचा ओला ठिपका त्यांच्याकडं बघत होता. वृषाली आता तिथं लटकणार नाही, खरं. पण जाणार तर त्याच दारानं. येणार त्याच दारानं. चाचणी जिंकून आली तरी मेडल घालून त्याच दारात थांबणार, आई भाकरतुकडा ओवाळून टाकणार, फोटो काढायला दोघी तिथंच उभ्या राहणार, जरा मागं, जरा पुढं, हसा. त्यांनी घास ताटात परत ठेवला. भीती दुपारपर्यंत फळीची होती. फळी आत गेली आणि भीती मोकळी झाली, घरभर फिरायला लागली.

"जेवा की," केशरबाई म्हणाल्या.

"जेवतोय."

"सकाळपास्नं तुमचं ध्यान दाराकडंच हाय. कोन यायचंय का?"

जेवणानंतर मायलेकी आतल्या खोलीत पंख्याखाली आडव्या झाल्या. तात्याराव दाराकडं तोंड करून बसले. डुलकी लागली असावी, कारण नंदा दारात उभी होती आणि तिच्या हातांना खडूची पूड होती. ते दचकून उठले. ऊन उंबऱ्यावरून उतरून गेलं होतं. त्यांना वाटलं, असंच बसायचं का आता? मरेपर्यंत, दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला मोजत? मेल्यावर कोण मोजणार? हा शेवटचा प्रश्न आला तेव्हा ते उठलेच. माळ्यावरून हत्याराची पिशवी काढली. छिन्नी, हातोडी, दोन लाकडी टेकू, जे केशरबाईंनी कपडे वाळत घालायला ठेवले होते. टेकू चौकटीच्या माथ्याखाली ठोकून बसवले. मग स्टूल टेकवांच्या आतल्या बाजूला लावलं, भिंतीला खांदा देऊन उभे राहिले, आणि पुट्टीच्या ठिपक्यावर छिन्नी धरली.

पहिल्या घावाला प्लास्टरचं ढलपं सुटलं. आवाजानं दोघी बाहेर आल्या. "पप्पा, काय करायलात?" वृषाली म्हणाली. तिला बोटानं तिथंच थांब म्हणून खूण करून ते ठोकत राहिले, हळू, चौकटीला हिसका बसणार नाही असं. एक वीट मोकळी झाली. जोडातला सिमेंटचा माल वाळूसारखा ओघळला. वीट त्यांनी दोन्ही हातांनी काढली, खाली ठेवली, आणि आत पाहिलं. कोनाडा तसाच होता. स्वतःचं काम त्यांनी ओळखलं, नीट होतं. आत लाल गाठोडं बसलेलं, रंग उडालेला, एका अंगाला ड्रिलनं फाटलेलं, त्यातून चार जोंधळे सांडलेले. जोंधळ्यांना कीडही लागलेली नव्हती. वर लिंटल नव्हतं. वर विटा होत्या, एकीला एक टेकून, आणि मधल्या तीन विटांच्या जोडाला वरपर्यंत एक चीर गेलेली. चीर केसाएवढी नव्हती. तीत त्यांचं नख गेलं.

त्यांनी गाठोड्याकडं हात नेला आणि हात थांबला. एकवीस वर्षं झाली, म्हातारा कधीच वारला, घर त्यांचं, भिंत त्यांची, आणि हात थांबला. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता. त्यांनी गाठोडं मुठीत धरलं आणि बाहेर काढलं. त्याला काही वजनच नव्हतं.

"म्या केलंय हे," स्टुलावरूनच ते म्हणाले. "हितं लिंटल न्हाय. सळई लागली म्हणालो ते खोटं होतं. ही चौकट बसवली तवा म्हाताऱ्यानं हे ठेवलं वर, हात लावू नको म्हणाला. म्या लावला न्हाय. काढायला पायजे होतं, लिंटल टाकायला पायजे होतं. मला सगळं समजत होतं. म्या मुद्दाम टाकलं न्हाय." मग वृषालीकडं बघून, "नऊ दिवस तू ह्याला लोंबत होतीस."

वृषाली चिरेकडं बघत होती. खडूनं पांढरी झालेली बोटं तिनं नकळत ओढणीला पुसली, पुसतच राहिली. शेवटी म्हणाली, "मला सकाळीच सांगायचं ना पप्पा." तेवढंच, आणि तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"भ्यालो," तात्याराव म्हणाले. "लई भ्यालो."

"हे दार आता दुरुस्त व्हईल," ते पुढं म्हणाले, घाईनं, गवंड्याच्या आवाजात. "टेकू हाईत. उद्या वरच्या विटा उतरवतो, सळई टाकतो. येवढं एक दार..."

"आठ," केशरबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या नुसतं सांगत होत्या. "ताटात आठ होती. तुमी वळंबा धरला हुता, तुमाला फकस्त हेच दिसलं. म्या घमेलं घिऊन जिन्यानं वर गेले म्हाताऱ्याच्या मागं. म्या मोजली. आठ दारं, आठ गाठोडी." मग, "आन् आठी दारांवर इटा तुमीच लावल्या."

तात्याराव गाठोडं हातात धरून उभे राहिले. सकाळपासून त्यांनी विटा मोजल्या होत्या, वजन मोजलं होतं, बायकोला चपला घालताना मोजलं होतं. दारं मोजली नव्हती. मनानं मोजू दिली नव्हती. दिवसभर वरून दार आपटलं की मान वर का जात होती, ते त्यांना आता कळलं. आणि तेवढ्यात ते परत आपटलं.

वर रुद्रम्मा राहत होत्या. सत्तरीच्या पुढं, एकट्या. रोज चारच्या सुमाराला जिन्यातून गार झुळूक येते म्हणून त्या ताट घेऊन दारात बसत, उंबऱ्यावर, चौकटीला पाठ लावून. चिंचा फोडत, लसूण सोलत, आणि दिवसभर उघडं ठेवलेलं दार वाऱ्यानं आतल्या भिंतीवर आपटत असे. तात्याराव स्टुलावरून उतरले. गाठोडं कुठं ठेवावं ते सुचेना म्हणून तसंच हातात घेऊन, टेकवांच्या मधून अंग चोरून, जिना चढू लागले. मागून वृषाली "पप्पा" म्हणाली, पण ते थांबले नाहीत. सोळा पायऱ्या. प्रत्येक पायरीला वाटत होतं की परतावं, उद्या सांगू, आधी ईरण्णाला शोधू, आधी कुणाला तरी विचारू. बिल्डिंगमध्ये पुन्हा कोण मिस्त्री म्हणणार नाही, पोलीस येतील, काहीही होईल. पाय चढत होते.

रुद्रम्मा उंबऱ्यावरच होत्या. मांडीवर ताट, ताटात चिंचोके एकीकडं आणि गर एकीकडं. डोक्यावर चौकट, चौकटीला मण्यांचं तोरण, आणि तोरणाच्या वर नवा रंग दिलेली गुळगुळीत भिंत.

"या मिस्त्री," त्या म्हणाल्या. "काय ठोकत होता वो मघापासनं? माझं दार हलत होतं इथं."

"मावशी," तात्याराव म्हणाले, "आधी उंबऱ्यावरनं उठा."

त्या हसल्या. "का, लक्ष्मी यायची वेळ झाली म्हणून? उंबऱ्यावर बसू नये म्हणत माझी सासू. आता ह्या वयात ती लक्ष्मी येऊन काय करणार माझ्याकडं?"

"तुमच्या दारावर लिंटल न्हाय मावशी. वर नुसत्या इटा हाईत. म्या टाकलं न्हाय. तुमच्या न्हाय, कुनाच्याच न्हाय."

रुद्रम्मांनी मान मागं टाकून वर पाहिलं, बसल्या बसल्या, तोंड वर करून. तात्यारावांना ते बघवेना. मग त्यांनी तात्यारावांकडं पाहिलं, त्यांच्या मुठीतल्या लाल फडक्याकडं पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"तुमी?" त्यांनी विचारलं.

"म्या."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. उठायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. "गुडघा धरलाय," त्या म्हणाल्या. "हात द्या."

तात्यारावांनी गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात दिले. त्या फार सावकाश उठत होत्या, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. तोरणाचे मणी हलत होते. त्या पूर्ण बाहेर येईपर्यंत तात्याराव वरच बघत राहिले.